सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा सिनेमा

करमाळा तालुका म्हटला की उजनीच्या फुगवट्यावरचा ऊस, कंदरची केळी आणि केमचं कुंकू एवढंच जिल्ह्याला ठाऊक होतं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत त्यात सिनेमाची भर पडली. जेऊर हे पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं स्टेशनाचं गाव. तिथले नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले आणि त्यांनी ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाचा मान तिला मिळाला. मग ‘फँड्री’ आला, मग ‘सैराट’.

‘सैराट’ माहीत नाही असा माणूस आपल्याकडं सापडणार नाही. त्यातली गाणी वाजल्याशिवाय कित्येक वर्षं एक वरात पुढं सरकली नाही. पण या पानाचा आणि आमच्या कृषी खात्याच्या कामाचा खरा संबंध ‘फँड्री’शी आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी थेटरात लागला. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जांबुवंत कचरू माने हा शाळकरी पोरगा. हजेरीपटावर जांबुवंत, घरात आणि गावात जब्या. वर्गातली शालू त्याला आवडते. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की समोरचं माणूस आपलं होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलंय, म्हणून तो गलोल घेऊन काट्याकुट्यांतून चिमणीमागं हिंडतो. जीन पँट घ्यायची म्हणून सायकलवरनं पेप्सीकोला विकतो, तर ती सायकल ट्रकखाली सापडते. बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, पोरीच्या लग्नाच्या पैशापायी गांजलेला. जत्रेच्या पालखीत डुकरांमुळं गोंधळ उडतो आणि गाव कचरूला सांगतं, डुकरं धर. नाही म्हणायची सोय त्याला नाही. मग अख्खं घर डुकरामागं पळतं आणि गाव उंचवट्यावर बसून क्रिकेटचा सामना बघावा तसं बघतं. शाळेतली पोरं बघतात, शालूही बघते. त्या वेळेला जांबुवंत हे नाव कुणाच्या तोंडात नसतं. हाक येते ती ‘फँड्री’ अशीच.

एका गावात हा सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मी बऱ्याच जणांबरोबर बसून बघितला. डुकराच्या पळापळीला खोलीत हशा पिकला. पडद्यावरचं गावही हसत होतं. थोड्या वेळानं खोलीतला हशा हळूहळू कमी झाला, पडद्यावरचा चालूच राहिला. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याला बघून बाप, आई, बहीण सगळी उभी राहतात आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर निवांत निघून जातं. तिथं एक म्हातारबा एवढंच बोलले, “आता परत पळायचं आलं बगा.” बाकी कुणी काही बोललं नाही. सिनेमाच्या शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो तो सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो. मला विचाराल तर त्या दगडापेक्षा ते राष्ट्रगीत जास्त लागतं. दगडाला उत्तर तरी देता येतं.

कणगी आणि कोठी

या सिनेमात जब्याच्या घरची माणसं टोपल्या विणताना दिसतात. थेटरात बसलेल्या शहरातल्या माणसाला त्यात नुसतं दृश्य दिसत असेल. आपण शेतीवाल्यांनी तिथं थोडं थांबायला पाहिजे.

कैकाडी समाजाचं जुनं काम म्हणजे टोपली, पाटी, कणगी विणणं. निर्गुडीच्या फोका, तुरीच्या काठ्या, नदीकाठचं मिळेल ते. मंगळवेढ्याची ज्वारी असो की बार्शीकडची तूर, सुगी झाली की धान्य कणगीत जायचं. कणगी आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपली की वर्षभर धान्य टिकायचं. विणणाऱ्याला बदल्यात पायलीनं धान्य मिळायचं, सुगीत खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असायचा. वाटा कमी असेल, अपमानाचाही असेल, पण शेतकऱ्याचं आणि त्याचं नातं धान्यातनं होतं. पुढं पत्र्याच्या कोठ्या आल्या. किडीपासून धान्य राखायला त्या चांगल्याच, आमच्या खात्यानं त्यांचा प्रचार केला तो योग्यच होता. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या, डाळिंबाला आणि द्राक्षाला क्रेट आले. कणगी घरातनं गेली आणि तिच्याबरोबर ती विणणारा माणूस खळ्यावरनं गेला. आता गावाला त्याची आठवण कधी होते, तर डुकरं फार झाली की. ‘फँड्री’मधला कचरू माने याच टप्प्यावर उभा आहे. सिनेमा हे भाषणात सांगत नाही. टोपल्या दिसतात, त्यांना गिऱ्हाईक मात्र फारसं दिसत नाही.

सोलापूरकरांना यातलं आणखी एक माहीत असायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं त्या कायद्याखाली कैकाडी, पारधी अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या, त्यातली एक मोठी आपल्या सोलापूर शहरात होती. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो शिक्का पुसला. त्या भागाला शहरात अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. रिक्षावाल्याला सांगितलं तरी तो बरोबर नेतो. कैकाड्यांचं जिणं लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’मध्ये १९८० सालीच लिहून ठेवलं होतं, पण पुस्तक वाचणारा वेगळा आणि पडदा बघणारा वेगळा. ‘उपरा’ ज्या घरात कधी पोहोचलं नसतं, त्या घरात ‘फँड्री’ टीव्हीवरनं पोहोचला.

आता आमच्या कामाचं बोलतो. कृषी खात्याच्या दृष्टीनं शेतकरी म्हणजे ज्याचं सातबाऱ्यावर नाव आहे तो. बियाणं, ठिबक, फळबाग, पीकविमा, सगळं गट नंबरापासून सुरू होतं. एप्रिल २०२५ पासून तर राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तोही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला. त्याच्या नोंदणीचं शिबिर एका गावात चाललं होतं. टोपल्या विणणाऱ्या घरातली एक आजी आधार कार्ड आणि रेशन कार्ड पिशवीत घालून रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा मशीनवरच्या पोरानं विचारलं, “आजी, गट नंबर?” आजी म्हणाली, “गट कसला बाबा, आमी गायरानात हाय.” पोरगा तरी काय करणार? त्याच्या स्क्रीनवर गायरानाला चौकोन नव्हता. नियमात चूक आहे असं मला म्हणायचं नाही, जमिनीच्या योजनेला जमीन लागणारच. पण गावात खेडूत म्हणून जन्मलेल्या, सुगीत राबणाऱ्या, आपल्या शेतातलं काडीकचऱ्यापासून मेलेल्या जनावरापर्यंत सगळं उचलणाऱ्या माणसाची ओळख लिहायची कुठं, हा प्रश्न त्या रांगेत उभा होता. हाच प्रश्न करमाळ्याच्या या सिनेमानं विचारला आहे.

सिनेमा केला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. नाटक-सिनेमाशी त्याचा संबंध नव्हता. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळे यांना मिळाला. नावाजलेले नट घ्यायचे, त्यांना धोतर नेसवायचं आणि “आवं पावनं” बोलायला लावायचं, ही मराठी ग्रामीण सिनेमाची जुनी खोड. ती इथं मोडली. पोरं आपल्यासारखीच बोलतात, आपल्यासारखीच गप्प बसतात.

‘सैराट’ला स्वतंत्र सिनेमा म्हणावं का, याबद्दल मतभेद होतील. त्यामागं मोठी कंपनी होती आणि शंभर कोटींच्या पुढं धंदा करणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. पण त्यातली माणसं जिल्ह्यातलीच. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, पाणी उजनीचं, बारव करमाळ्याच्या कमलाभवानीची. पाटलाची पोरगी ट्रॅक्टर चालवते आणि पारध्याच्या पोरावर जीव लावते, शेवट काय होतो तो सगळ्यांना माहीत आहे. सिनेमा लागला २९ एप्रिल २०१६ ला. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे पंढरपूर-कुर्डुवाडीवरनं जायला लागली होती. इतक्या कोरड्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर, जीप भरून माणसं थेटरला गेली. काही घरांतनं पोरींना मात्र नेलं नाही, हेही तेव्हा कानावर आलं होतं.

मेंढरांमागचं घर

‘फँड्री’नंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ आला. ख्वाडा म्हणजे खोडा, अडथळा. कऱ्हाडे हेही नगरच्या त्याच महाविद्यालयात शिकलेले शेतकऱ्याचे पोर, आणि हा सिनेमा त्यांनी जमीन विकून पुरा केला. शेतकऱ्याच्या पोरानं जमीन विकली म्हटलं की गाव तोंडात बोट घालतं. पोरीच्या लग्नाला विकली तर चालते, सिनेमाला विकली तर येडा. त्या येडेपणाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा खास पुरस्कार मिळाला.

सांगोला, माळशिरस, मंगळवेढ्याकडच्या वाचकांनी हा सिनेमा जरूर बघावा. धनगराचं कुटुंब मेंढरं घेऊन गावोगाव फिरतंय. बाप रघू गेलेल्या जमिनीसाठी कोर्टात खेटे घालतोय, पोरगा बाळू या भटकंतीला कंटाळलाय. त्याला कुस्ती खेळायची आहे, लगीन करून एका जागी राहायचं आहे. जिथं उतरतील तिथल्या पुढाऱ्याला एखादं मेंढरू ‘पोहोचवावं’ लागतं. दिलं नाही तर मुक्काम हलवायचा. दांडगाईचा तो प्रकार कऱ्हाडे यांनी कुठंही भडक न करता दाखवलाय.

दिवाळीनंतर वाडे निघतात आणि पावसाळ्याला माघारी येतात, हे आपण लहानपणापासून बघतो. रानात मेंढ्या बसवल्या की शेतकरी रात्रीला ठरलेले पैसे किंवा धान्य देतो. लेंडी आणि मुतानं जमिनीला नत्र मिळतं, पालाश मिळतो, सेंद्रिय कर्ब वाढतो. रासायनिक खताच्या पोत्याची किंमत बघता हा सौदा शेतकऱ्याच्याच फायद्याचा आहे. माती परीक्षणाच्या बैठकीत मी मेंढ्या बसवायला आवर्जून सांगतो. पण मेंढ्या ज्याच्या, त्याला पाणी भरायला विहिरीवर येऊ देतात का, त्याच्या पोरांना मुक्कामाच्या गावातल्या शाळेत बसवतात का, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. ‘ख्वाडा’ बघून झाल्यावर मी एका वाड्यावर गेलो आणि म्हाताऱ्या मेंढपाळाला सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यांनी पुरती ऐकली आणि विचारलं, “मंग कोर्टात जमीन मिळाली का त्याला?” सिनेमाच्या जाणकारांना हा प्रश्न साधा वाटेल. मला तो सर्वांत नेमका वाटला.

‘टिंग्या’ (२००८) बद्दल या पानावर पूर्वी कुणी लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही, म्हणून दोन ओळी. मंगेश हाडवळे यांचा हा सिनेमा बटाट्याच्या पट्ट्यातला. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून बैल जायबंदी होतो, बापाला पेरणीसाठी पैसा पाहिजे म्हणून तो बैल खाटकाला विकायचं ठरतं आणि पोरगा अडून बसतो. शेजारच्या रशिदाची नानी आजारी पडली तर तिच्यासाठी सगळे धावतात, मग माझ्या चितंग्याला का विकायचं, हा त्याचा हिशेब. २०१५ च्या मार्च महिन्यापासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, त्यामुळं टिंग्याच्या बापाला आज तो बैल विकता आला नसता. वैरण कुठनं आणायची हा प्रश्न त्याच्यापुढं तसाच राहिला असता. खिलार पाळणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याचा सिनेमाशी संबंध करमाळ्यापासून सुरू झाला असं मात्र कुणी समजू नये. डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची. साखर कारखानदारीतल्या पुढाऱ्यावर त्यांनी केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील अजून आपल्या आजूबाजूला वावरतो, नाव सांगायची गरज नाही. पण त्यात गायब झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करायला बाहेरगावचा मास्तर यावा लागतो. विजय तेंडुलकरांनी ते लिहिलं तेव्हा तीच रीत होती, दुबळ्याची बाजू शिकलेल्यानं मांडायची. चाळीस वर्षांनी जब्या स्वतःच पडद्यावर आला, मध्ये मास्तर राहिला नाही. माझ्या मते या दोन सिनेमांमधला खरा फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

लगीन का करीना?

हल्लीचा एक सिनेमा सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही, जरी काही वाचकांना तो रुचणार नाही याची मला कल्पना आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडं लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद बापाच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. पाहुणेरावळे दुःखाचं दोन शब्द बोलून झाले की एकच विषय काढतात, लगीन का करीना? त्याचं कारण वेगळं आहे. त्याचा जीव बाईमाणसात नाही, पुरुषात आहे. गावातला त्याचा बालमित्र बाळ्या, शेती आणि शेरडं-करडं बघणारा, त्याचंही तसंच. दोघं रानात बसतात, थोडं बोलतात. बाळ्या त्याच्यासाठी साबराची बोंडं आणतो. आपल्या माळावर निवडुंगाला लागतात तीच, काटे काढल्याशिवाय हातात धरता येत नाहीत ती. आनंदच्या आईला सगळं माहीत आहे आणि ती पोराच्या बाजूला उभी राहते, आवाज न चढवता.

सिनेमात आरडाओरडा नाही, मारामारी नाही. आपल्याला सवय नसल्यानं पहिली वीस मिनिटं जड जातात, नंतर लक्ष लागतं. त्यातलं लग्नाचं टुमणं तर आपल्या जिल्ह्याला परकं अजिबात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी घोड्यावर बसून, मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. पेपरात फोटो आले, लोक हसले. शेती करणाऱ्या पोराला कुणी पोरगी देत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. पण तिशी उलटलेल्या प्रत्येक बिनलग्नाच्या पोराचं कारण तेच असतं असं आपण धरून चालतो. एखाद्याचं कारण आनंदसारखं असेल तर त्यानं ते कुणाला सांगावं? त्याला ऐकून घेणारं एक तरी माणूस गावात असावं एवढीच त्या सिनेमाची मागणी आहे.

हे सिनेमे तालुक्याच्या थेटरात आठवडाभर टिकत नाहीत, ‘सैराट’ सोडला तर. ज्यांच्याबद्दल ते आहेत, त्यांना तिकीट परवडतंच असं नाही. मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी बघितले जातात, त्यातला विनोदाचा आणि मारामारीचा तुकडाच फिरतो. तेव्हा ज्या ग्रामपंचायतीकडं किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, त्यांनी एखादा सिनेमा गावाला सलग दाखवायला हरकत नाही. निर्मात्याची किंवा हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी, चोरून उतरवलेली प्रत लावू नये. सुरुवात ‘टिंग्या’पासून करावी, त्याला कुणाचा विरोध होत नाही. ‘फँड्री’ दुसऱ्या खेपेला.

दिवस निवडताना ज्वारीची काढणी आणि ऊसतोड संभाळावी, नाहीतर जे यायला पाहिजेत तेच फडात असतील. वेळ साडेआठच्या पुढं ठेवावी, त्याआधी मेंढरं कोंडून होत नाहीत. आणि जागा शाळेच्या पटांगणाची घ्यावी. देवळापुढच्या पारावर बसायला अजून काही घरं येत नाहीत.